‘लाईट’ देणारी माणसं कुठे शिकतात?



पापड, मसाले, शिलाई, बँकेचे हप्ते यांवर आपण या कार्यक्रमात नेहमी बोलतो. आज बोलायचं आहे किरणांबद्दल, म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘रेडिएशन’ म्हणतो त्याबद्दल. हा विषय विद्यापीठात शिकवला जातो आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मुलींनाही तो शिकता येतो. कुठे शिकायचा, किती वर्षं लागतात, आणि त्यात घाबरण्यासारखं काय आहे नि काय नाही, ते आज सांगतो.

घरात कुणाला कॅन्सर निघाला की आपण म्हणतो, ‘टाटाला नेलंय, आता लाईट चालू आहे.’ कुणी ‘शेक’ म्हणतं. पहाटेच्या लोकलने परळला निघालेल्या अशा बायका आपण लेडीज डब्यात पाहतो. मांडीवर फाईल, डोक्याला स्कार्फ, शेजारी बहीण नाहीतर सून. ती लाईट म्हणजे दिवा नव्हे आणि तो शेक म्हणजे गरम पाण्याची पिशवीही नव्हे. कोबाल्टच्या यंत्रातून किंवा विजेवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रातून निघणारे ते जोरदार किरण असतात. गाठीतल्या पेशी मारायच्या आणि शेजारचं मूत्राशय, आतडं, फुप्फुस सांभाळायचं, असं ते काम आहे. एकूण किती मात्रा द्यायची हे डॉक्टर लिहून देतात. पण ती मात्रा नेमकी त्याच जागी, कुठल्या कोनातून, किती वेळात पोचेल याचं गणित मांडणारी आणि यंत्र रोज तपासणारी व्यक्ती डॉक्टर नसते. ती भौतिकशास्त्र शिकलेली असते. तिला वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ म्हणतात. किरणोपचार करणाऱ्या प्रत्येक केंद्रात अशी व्यक्ती असलीच पाहिजे, असा नियम आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये किरणोपचार हा मुख्य इलाज आहे. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी बायकांचा जीव अशा एखाद्या एमएस्सी झालेल्या मुलीच्या हिशेबावर अवलंबून असतो, आणि आपल्याला तिचं पदसुद्धा माहीत नसतं.

हा विषय आमच्यापुढे आला तो कर्जाच्या एका अर्जामुळे. आमच्या एका गटातल्या ताईंनी मुलीच्या बीएस्सीच्या प्रवेशासाठी आणि पुस्तकांसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. मुलीला भौतिकशास्त्र घ्यायचं होतं आणि पुढे किरणोपचाराच्या विभागातच काम करायचं होतं. रक्कम मोठी नव्हती. पण मुलीच्या आजीचं म्हणणं गटापर्यंत आधीच पोचलं होतं. ‘किरणांत काम करणाऱ्या पोरीला मूल होत नाही म्हणतात. उद्या स्थळ आलं तर काय सांगायचं?’ झालं, बैठकीत कुजबुज सुरू. खरं सांगायचं तर लग्नासाठी कर्ज मागितलं की आपल्या गटांत दहा मिनिटांत सह्या होतात आणि शिक्षणासाठी मागितलं की सतराशे साठ प्रश्न निघतात. आजींचा प्रश्न मात्र वेडगळ नव्हता. म्हणून आम्ही समन्वयक बायकांनी कॉलेजातल्या शिक्षकांना विचारलं, रुग्णालयात काम करणाऱ्यांशी बोललो, वाचलं, आणि मग ती माहिती गटापुढे ठेवली. तीच आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, दवाखान्यातलं प्रत्येक यंत्र म्हणजे रेडिएशन नव्हे. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात, आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या. एमआरआयमध्ये मोठं लोहचुंबक असतं. या दोन्हींत क्ष-किरण नाहीत. एक्स-रे, सीटी स्कॅन आणि स्तनांची मॅमोग्राफी यांत क्ष-किरण वापरतात. तिथे बटण बंद केलं की किरण संपले, खोलीत काही शिल्लक राहत नाही. एक्स-रे काढून आलेल्या बाईजवळ बाळ द्यायला घाबरणाऱ्या सासवा आम्ही पाहिल्या आहेत. घाबरायचं काही कारण नाही. उन्हात उभं राहिलं तर अंगाला ऊन लागतं, पण घरात आल्यावर आपल्या अंगातून ऊन बाहेर पडत नाही. तसंच हे.

किरणोत्सारी पदार्थांची गोष्ट वेगळी. त्यांना बटण नसतं. प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला आणि अणूच्या मध्यभागी त्याचं केंद्र. काही अणूंचं केंद्र अस्थिर असतं. ते आपणहून फुटतं किंवा बदलतं आणि बदलताना किरण बाहेर टाकतं. असा पदार्थ बंद डबीत असेल तर त्याचे किरण फक्त अंगावर पडतात, उन्हासारखे. पण त्याची पूड किंवा पाणी अंगाला, कपड्यांना लागलं, पोटात गेलं, तर ते रंगपंचमीच्या रंगासारखं होतं. आपण जिथे जाऊ तिथे तो रंग घेऊन जातो, दुसऱ्यालाही लावतो. हा फरक या विषयातल्या मुलांना अगदी सुरुवातीला शिकवतात, आणि खरं म्हणजे तो आपल्या सगळ्यांनाच माहीत हवा.

दुसरी शिकवण अर्धायुष्याची. समजा डब्यात सोळा लाडू आहेत आणि दर आठ दिवसांनी त्यातले निम्मेच उरतात. आठव्या दिवशी आठ, सोळाव्या दिवशी चार, चोविसाव्या दिवशी दोन. किरणोत्सारी आयोडीन असंच निम्मं-निम्मं होत जातं, दर आठ दिवसांनी. थायरॉइडच्या काही आजारांत आणि थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये हे आयोडीन औषध म्हणून देतात. आपल्या बायकांमध्ये थायरॉइडचा त्रास किती आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. औषध घेतल्यावर काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून लांब राहा असं सांगतात, ते या लाडूंच्या हिशेबामुळे. सुनेला वाळीत टाकायला सांगितलेलं नसतं. हाडांच्या किंवा हृदयाच्या तपासणीसाठी वापरतात ते टेक्नेशियम सहा तासांतच निम्मं होतं. कोबाल्टला मात्र सव्वापाच वर्षं लागतात आणि सीझियमला तीस.

हा हिशेब कॉलेजपुरता नाही, हे दिल्लीच्या मायापुरीत दिसलं. एप्रिल २०१० ची गोष्ट. मायापुरी म्हणजे भंगाराचा मोठा बाजार. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९७० च्या सुमारास घेतलेलं कोबाल्टचं एक यंत्र होतं. १९८५ पासून ते कुणी वापरत नव्हतं. विद्यापीठाने ते भंगारात लिलावाला काढलं. भंगारवाल्यांनी नेहमीप्रमाणे ते तोडलं आणि शिशाच्या आवरणातले कोबाल्टचे तुकडे उघडे पडले. माणसांची कातडी काळी पडली, केस गेले, कित्येकांना रुग्णालयात ठेवावं लागलं आणि एक कामगार दगावला. चाळीस वर्षांत सात वेळा निम्मं होऊनही उरलेलं तेवढं पुरलं. त्याआधी १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातलं यंत्र भंगारात गेलं होतं. आतली सीझियमची पूड अंधारात निळी चमकायची. लोकांनी ती कौतुकाने घरी नेली, अंगाला लावली. चार माणसं गेली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती.

उल्हासनगर-अंबरनाथमध्ये भंगाराच्या धंद्यावर किती घरं चालतात ते वेगळं सांगायला नको. आपल्या गटांतल्याही कितीतरी जणी भंगार वेचतात, निवडतात. तेव्हा ही खूण लक्षात ठेवा: पिवळ्या रंगावर मधे एक ठिपका आणि भोवती पंख्यासारखी तीन पाती. अशी खूण असलेली किंवा आकाराच्या मानाने विलक्षण जड, शिशाची वाटणारी बंद पेटी आली तर ती फोडायची नाही. तिच्यापासून लांब व्हायचं, मुलांना लांब न्यायचं आणि पोलिसांना कळवायचं. लांब जाणं हाच पहिला उपाय, कारण अंतर दुप्पट झालं की अंगावर पडणारे किरण चौथाईवर येतात. चुलीची धग जशी दोन पावलं मागे सरलं की कमी लागते तशी. मायापुरीत जे घडलं ते विज्ञानामुळे घडलं असं काही लोक म्हणतात. आम्हाला वाटतं, त्या विभागात या विषयाचा अभ्यास असलेलं एक माणूस त्या लिलावाच्या कागदावर सही करायला असतं, तर ते यंत्र दाराबाहेर पडलं नसतं. आज अशी यंत्रं वापरणाऱ्या रुग्णालयांत, कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत त्यासाठी विकिरण सुरक्षा अधिकारी नावाचं पद असतं. तीही याच शिक्षणातून मिळणारी नोकरी आहे.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. किरणांची मात्रा मिलिसीव्हर्ट या मापात मोजतात. आपण काहीही न करता, नुसतं जमिनीतून, हवेतून, आकाशातून, अन्नातून वर्षाला जगभरात माणशी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा घेतच असतो. छातीच्या एका एक्स-रेने ०.१ किंवा त्याहूनही कमी मिळते. पोटाच्या सीटी स्कॅनला मात्र आठ-दहाच्या आसपास जाते, म्हणून सीटी उगाच, स्वतःच्या मनाने काढायचा नसतो. किरणांत काम करणाऱ्यांसाठी आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने मर्यादा घालून दिली आहे: पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. छातीवर एक बिल्ला लावायचा असतो. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि त्या व्यक्तीने किती मात्रा घेतली ते त्यावरून कळतं. तिचा हिशेब नोकरीभर ठेवला जातो. आपल्या गटाच्या पासबुकासारखाच, फक्त इथे जमा जितकी कमी तितकं बरं. काम करणारी बाई गरोदर राहिली तर तिने ते कळवायचं. मग पोटातल्या बाळाला उरलेल्या महिन्यांत १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मात्रा पोचणार नाही असं काम तिला द्यावं लागतं. अठरा वर्षांखालच्या कुणालाही या कामावर ठेवता येत नाही.

मूल होत नाही, व्यंग असलेलं होतं, या भीतीला कशाचा आधार आहे? हिरोशिमा-नागासाकीचा. बॉम्ब पडला त्या वेळी जी बाळं पोटात होती त्यांतल्या काहींना खरोखर त्रास झाला. त्यांची डोकी लहान राहिली, बुद्धीवर परिणाम झाला. म्हणूनच गरोदरपणात एवढी काळजी घेतात. पण जे वाचले त्यांना नंतर झालेली मुलं अनेक दशकं तपासत गेले आणि त्यांच्यात जन्मतः व्यंगाचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. आपल्या देशातलं उदाहरण केरळचं आहे. कोल्लम जिल्ह्यात समुद्रकाठच्या काळ्या वाळूत थोरियम आहे, त्यामुळे तिथले लोक पिढ्यान् पिढ्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मात्रेत राहतात. तिथल्या लाखाहून जास्त नवजात बाळांची तपासणी झाली आणि त्या वाळूमुळे व्यंग वाढल्याचं दिसलं नाही. फार मोठी मात्रा एकदम मिळाली तर बीजकोशांना इजा होते, हे खरं आहे. ओटीपोटावर लाईट घेतलेल्या रुग्ण बायकांना तसं होतं. पण यंत्राच्या पलीकडे, जाड काँक्रीटच्या भिंतीआड बसून काम करणाऱ्या मुलीला मिळणारी मात्रा आणि यंत्राखाली झोपलेल्या रुग्णाला मिळणारी मात्रा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आजींच्या मनात या दोघी एक झाल्या होत्या.

हे सगळं ऐकून आजी गप्प बसल्या, पटलं असं काही म्हणाल्या नाहीत. कर्ज मात्र मंजूर झालं. मुलगी आता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील अजून म्हणतात, ‘आधी पास हो, मग नोकरीचं बघू.’

जुन्या काळी भीती खरी होती, हेही सांगितलं पाहिजे. मेरी क्युरी यांनी १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम शोधलं. दोन वेगवेगळ्या शास्त्रांत त्यांना नोबेल मिळालं, १९०३ ला भौतिकशास्त्रात आणि १९११ ला रसायनशास्त्रात. पहिल्या महायुद्धात मुलीला, इरेनला, सोबत घेऊन त्यांनी एक्स-रेच्या गाड्या थेट आघाडीवर नेल्या. पण त्या काळी बिल्ला नव्हता, मर्यादा नव्हती. रेडियमच्या नळ्या त्या खिशात घेऊन फिरायच्या. १९३४ मध्ये रक्ताच्या आजाराने त्या गेल्या. आज हे काम करणाऱ्यांच्या छातीवर जो बिल्ला असतो, त्यामागे अशा माणसांची किंमत आहे.

आता शिक्षण. आपलं भाग्य असं की या विषयाचं देशातलं सगळ्यात मोठं केंद्र आपल्याच रेल्वेच्या वाटेवर आहे. कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने मानखुर्दला उतरलं की अणुशक्तीनगर आणि त्यापुढे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथली अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, तिथलं प्रशिक्षण विद्यालय निघालं. डॉ. अनिल काकोडकर याच विद्यालयातून शिकून पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. त्याआधी ते रुपारेल कॉलेज आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये शिकले, म्हणजे लोकलने जाता येईल अशाच कॉलेजांत.

या विषयाकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत आणि सगळ्या सारख्या अवघड नाहीत. बारावी सायन्सनंतरची सर्वांत सरळ वाट म्हणजे पाच वर्षांची एकत्रित एमएस्सी. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून २००७ मध्ये कालिन्याच्या विद्यानगरीत एक केंद्र सुरू केलं, मूलभूत विज्ञानाचं. तिथे आणि भुवनेश्वरच्या नायसर या संस्थेत प्रवेशासाठी नेस्ट नावाची एकच परीक्षा असते. बारावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. मुलींना अर्जाचे पैसे निम्मे असतात. पात्र मुलांना अणुऊर्जा विभागाच्या ‘दिशा’ योजनेतून वर्षाला ६० हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते. ज्या घरात महिन्याला पाच हजार बाजूला पडत नाहीत, तिथे याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच बघा. परीक्षा मात्र अवघड आहे, देशभरातली मुलं बसतात. अकरावीपासून तयारी नसेल तर आशेवर बसू नये, दुसरी वाट धरावी.

दुसरी वाट साधी बीएस्सी. उल्हासनगरला सीएचएम म्हणजे आपलं चांदीबाई कॉलेज, तालरेजा कॉलेज, कल्याणला बिर्ला कॉलेज. विज्ञान शाखा असलेली ही जुनी कॉलेजं घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहेत. तिथे भौतिकशास्त्रात पदवी घ्यायची, मग एमएस्सी. एमएस्सीला अणुकेंद्राचं भौतिकशास्त्र हा वेगळा विषय असतो. प्रयोगशाळेत गायगर नावाचं मोजणी यंत्र असतं. किरण आला की ते टक टक वाजतं. अल्फा किरण साध्या कागदाने अडतात, बीटाला पातळ पत्रा लागतो, गॅमाला शिसं किंवा जाड भिंत, हे मुलं हाताने मोजून बघतात. ज्यांना रसायनशास्त्र आवडतं त्यांना अणुरसायन आहे, जीवशास्त्रवाल्यांना पेशींवर किरण काय करतात त्याचा अभ्यास आहे. गणिताला मात्र कुठेच सुट्टी नाही.

एमएस्सी भौतिकशास्त्रानंतर भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम असतो. तो करून आणि रुग्णालयात उमेदवारी करून वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ होता येतं, ज्यांच्याबद्दल आपण सुरुवातीला बोललो त्या. ज्यांना संशोधनात जायचं आहे त्यांच्यासाठी त्याच केंद्राचा एक वर्षाचा प्रशिक्षणक्रम आहे. इंजिनिअर आणि एमएस्सी झालेली मुलं त्यात जातात. शिकतानाच विद्यावेतन मिळतं आणि नंतर तीन वर्षं नोकरी करण्याचं हमीपत्र द्यावं लागतं. वयाची अट कडक असते. म्हणून बीएस्सीनंतर ‘एक वर्ष घरी बसू दे’ असं म्हणण्याआधी आईबापांनी हिशेब करावा. बीएस्सी, डिप्लोमा, आयटीआय झालेल्यांनाही तिथे प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात, त्याच्या जाहिराती वेगळ्या निघतात.

तिसरी वाट तंत्रज्ञाची. एक्स-रे, सीटी, किरणोपचार यांची यंत्रं चालवणाऱ्या मुलींसाठी रेडिओग्राफी किंवा मेडिकल इमेजिंगची बीएस्सी असते. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी किरणोपचार तंत्रज्ञांना शिकवतात. ही वाट लवकर पगाराला लावते, आणि म्हणूनच इथे फसवणूक फार. ‘सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन, नोकरीची हमी’ असे फलक स्टेशनबाहेर सर्रास दिसतात. आमच्या एका गटातल्या मुलीने अशा एका क्लासला चाळीस हजार भरले. प्रमाणपत्र मिळालं, पण कुठल्याच रुग्णालयाने ते धरलं नाही, आणि पैसे परत आले नाहीत. पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: हा अभ्यासक्रम कुठल्या विद्यापीठाशी किंवा शासनमान्य मंडळाशी जोडलेला आहे, आणि यातल्या शिक्षणावर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार एक्स-रे चालवता येतो का. उत्तर तोंडी नको, लेखी मागा. लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून उठून या.

‘एवढं शिकून काम काय, बॉम्बच ना?’ असं एक काकू बैठकीत म्हणाल्या. तुमच्या चिक्कीचे शेंगदाणे बघा. टीएजी-२४ हे भुईमुगाचं वाण ट्रॉम्बे आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलं. बियांवर किरण सोडून, त्यातून निघालेली चांगली रोपं निवडून तिथे अशी कितीतरी वाणं तयार झाली. लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरण देण्याचं केंद्र आहे. २००७ साली आपला हापूस अमेरिकेला गेला तो तिथूनच किरण देऊन. वाशीला मसाल्यांवर अशीच प्रक्रिया करतात, म्हणजे भुंगा आणि बुरशी जाते आणि वास राहतो. आमच्या मसाला करणाऱ्या गटांनी याची चौकशी करायला हरकत नाही. बाळंतपणाच्या खोलीतले हातमोजे आणि टाके घालायचे धागे ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रात १९७४ पासून गॅमा किरणांनी निर्जंतुक होत आले आहेत. अशा मालात किरण राहत नाहीत. उन्हात वाळवलेल्या पापडात ऊन राहत नाही, तसंच.

विजेचं बोलायचं तर तारापूर २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. १९६९ पासून तिथे अणुवीज तयार होते. तिथे नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. रत्नागिरीत जैतापूरच्या प्रकल्पाला माडबन आणि आसपासच्या लोकांनी, बायकांनीसुद्धा, कडाडून विरोध केला. आम्ही इथे कुणाची बाजू घेत नाही. पण सुनावणीच्या दिवशी समोर अधिकारी आकडे वाचत असताना, तो आकडा मिलिसीव्हर्ट आहे की मायक्रोसीव्हर्ट, तासाला आहे की वर्षाला, हे विचारणारी गावातली एक मुलगी असली तर त्या सभेचं रूप बदलतं. तेव्हा विरोध करायचा असो की नोकरी, शिक्षण तेच लागतं.

शेवटी कागदपत्रांचं. परीक्षांच्या जाहिराती निघतात तेव्हा धावपळ होते आणि दाखला नसल्यामुळे मुली मागे पडतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेयर यांचे अर्ज मुलगी अकरावीला असतानाच करून ठेवा. जात वैधतेचा अर्ज जात पडताळणी समितीकडे, बाकीचे उल्हासनगरकरांनी उल्हासनगर तहसीलला, अंबरनाथ-बदलापूरकरांनी अंबरनाथ तहसीलला. एक गोष्ट खूप जणींना माहीत नसते. ओबीसीचा राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्राच्या संस्थांत चालत नाही, तिथे केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. नेस्ट आणि भाभा अणुसंशोधन केंद्र दोन्हींना तोच लागतो. राज्याच्या शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा, आणि त्यासाठी मुलीचं स्वतःच्या नावाचं, आधारशी जोडलेलं बँक खातं हवं. आईच्या खात्यावर पैसे येत नाहीत. अर्जाची रक्कम, अटी आणि तारखा दर वर्षी बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात पूर्ण वाचून मगच फॉर्म भरा. वाचायला अडचण असेल तर गटाच्या पुढच्या बैठकीला जाहिरात छापून घेऊन या, एकत्र बसून वाचू.